सोसायटीला दुर्बिणीतून चंद्र दाखवायचाय? मग आधी हे वाचा

दुर्बीण घेतली की पहिले चार दिवस आपण एकटेच बघतो, मग शेजारचे येतात आणि मग कोणीतरी म्हणतंच की अरे एकदा सगळ्यांना दाखव ना. दाखवा, जरूर दाखवा, पण थोडी तयारी करून. माझ्याकडे 6 इंची आरशाची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) आहे, 1200 एमएम फोकल लेंथवाली (म्हणजे आरशापासून प्रतिमा पडते तिथवरचं अंतर), त्यामुळे पुढचे आकडे तिचेच आहेत.

सगळ्यात आधी दिवस. सगळ्यांना वाटतं कोजागिरीला ठेवू, लोक आयतेच गच्चीवर असतात, दूधही असतं. पण पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून अगदी सपाट दिसतो हो, ऊन समोरून पडतं म्हणून खड्ड्यांना सावलीच नाही, नुसता ट्यूबलाईटसारखा डोळ्यात घुसतो. शुद्ध पंचमी ते दशमी हा काळ धरा आणि त्यातही अष्टमी बेस्ट, सूर्य मावळतो तेव्हा चंद्र आधीच चांगला वर असतो आणि उजेड-काळोखाच्या सीमेवर खड्ड्यांच्या सावल्या लांबच लांब पडलेल्या असतात. संकष्टीला चंद्र उगवायलाच नऊच्या आसपास वाजतात, तोवर पोरं झोपलेली आणि मोठ्यांचं लक्ष मोदकांत. कोजागिरीलाच करायचं असेल तर सध्याची दोन-तीन वर्षं शनीही तेव्हा संध्याकाळी वर असतो, मग चंद्र सोडा आणि शनी दाखवा.

जागा शक्यतो खाली, मातीवर. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो, त्याची गरम हवा वर येत राहते आणि चित्र पाण्याखाली असल्यासारखं हलतं, वर पोरं पळाली की दुर्बीणही थरथरते ते वेगळंच. खाली लाईट आहेत म्हणून घाबरू नका, चंद्र आणि ग्रहांना त्याने फारसा फरक पडत नाही, फक्त हॅलोजन थेट डोळ्यावर नको. आणि दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधीच बाहेर ठेवा, आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला तेवढा वेळ लागतो.

एका रात्री एकच वस्तू, फार तर दोन. मी पहिल्या वेळी उत्साहात चंद्र, गुरू, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ असं सगळं ठरवलं होतं आणि लाईनमधले मागचे लोक कंटाळून जेवायला निघून गेले. माणशी पाऊण मिनिट धरलं तरी 60 लोकांना 45 मिनिटं लागतात आणि प्रत्यक्षात तासच जातो कारण प्रत्येक आजोबा "कितीला घेतली?" विचारतातच.

चंद्राला 25 एमएमचा आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावा, 1200 भागिले 25 म्हणजे 48 पट होतं, पूर्ण चंद्र मावतो आणि आजूबाजूला जागाही उरते. पृथ्वी फिरते म्हणून चंद्र सरकत राहतो, पण एवढ्या जागेत दोन माणसं आरामात बघतात, मग हलकेच ढकलून परत मधे आणायचा. शनीला 10 एमएम, म्हणजे 120 पट, तिथे मात्र दीड-पावणेदोन मिनिटात तो या कडेपासून त्या कडेला जातो, त्यामुळे दर माणसाआड आधी स्वतः बघा मगच पुढच्याला बोलवा.

आता खरी गोष्ट. निम्मे लोक "हो हो दिसलं, मस्त" म्हणतात आणि त्यांना काहीही दिसलेलं नसतं! मागे लाईन आहे, आपल्यामुळे खोळंबा नको, म्हणून बिचारे खोटं बोलतात. म्हणून "दिसलं का?" असं विचारायचंच नाही. "उजेड आणि काळोख मिळतात तिथली कड सरळ आहे की दातेरी?" असं विचारा. "शनीचं कडं आडवं आहे की तिरकं?" असं विचारा. ज्याला दिसतं तो लगेच सांगतो, न दिसणारा गडबडतो. मग चष्मा काढायला सांगा, फोकसचं चाक त्यांच्याच हाताने फिरवू द्या (नंबर नुसता जवळचा-लांबचा असेल तर चष्म्याशिवाय जमतं, सिलिंड्रिकल असेल तर चष्मा राहू द्या). लहान मुलांना एक डोळा मिटता येत नाही, त्यांना तळहाताने झाकायला सांगा. आणि सगळ्यांनाच हात पाठीमागे, गाभाऱ्यात वाकून बघतो तसं, नाहीतर पहिला माणूस नळीला धरूनच उभा राहतो आणि चंद्र गायब. एक स्टूल आणि एक खुर्ची जवळ हवीच, आजींना वाकवू नका.

प्रश्न ठरलेले असतात. चंद्रावरचा झेंडा दिसतो का? नाही, या दुर्बिणीतून दीड-दोन किलोमीटरपेक्षा लहान खड्डासुद्धा नीट दिसत नाही, झेंडा कुठला. उलटा का दिसतो? आरशाच्या दुर्बिणीत तसाच दिसतो. शनीकडे बघितलं तर साडेसाती लागते का? यावर हसू नका, विचारणारा खरंच घाबरलेला असू शकतो, नुसतं म्हणा मी दर आठवड्याला बघतो. कडं एवढं बारीक का, हेही येईल, 2025 च्या मार्चमध्ये त्याची कड बरोबर आपल्याकडे होती, आता हळूहळू उघडतंय.

दिवसा दाखवायचा मोह आवरा. पुढच्या तोंडावर सूर्याचा खास फिल्टर घट्ट बसवल्याशिवाय दुर्बीण सूर्याकडे वळवायची नाही, क्षणात डोळा जातो. एक्सरेची फिल्म वगैरे अजिबात नाही.

ही डॉब्सोनियन ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत 1944 पासून संन्यासी होते. मठातून गुपचूप बाहेर पडून लोकांना आकाश दाखवायचे, 1967 ला मठ सुटला आणि मग ते फुटपाथवरच उभे राहिले. माझं अजून तरी एवढ्यावर गेलेलं नाही, बायको फक्त "जेवायला येणार आहेस का" विचारते.

आवरताना टॉर्च लावून झाकणं मोजा, आयपीसची काळी टोपी दर वेळी कोणाच्या तरी खिशात जाते.