शब्दाचं मूळ गाव शोधायचं कसं?

आधी एक रोजचा शब्द धरा आणि ती वस्तू आपल्याकडे आली कुठून ते बघा. बटाटा घ्या. मूळ दक्षिण अमेरिकेतला, आपल्याकडे पोर्तुगीजांमुळे आला, आणि त्यांच्या भाषेत त्याला म्हणतात बताता! पाव, चावी, घमेलं, सगळे तिकडचेच. पगार पण, त्यांच्याकडे पगार म्हणजे पैसे चुकते करणं. हापूस तर थेट गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कच्या नावावरून.

मग मोल्सवर्थची डिक्शनरी उघडा, १८५७ची दुसरी आवृत्ती शिकागो युनिव्हर्सिटीच्या साइटवर फुकट आहे. अर्थ इंग्रजीत आहेत पण खूप शब्दांपुढे छोटी अक्षरं दिसतील, संस्कृत की फारसी की अजून कुठला ते त्यावरून कळतं.

शेजारच्या भाषेत पण डोकवा. हप्ता हिंदीत आठवडा, आपल्याकडे ईएमआयचा (किंवा भाईचा 😄), मूळ मात्र फारसी 'हफ्त' म्हणजे सात. आपला सप्ताहही सातचाच, आणि आठवडा बघा, त्यात चक्क आठ आहे, पहिला वार परत मोजला की होतात ना आठ!

आणि प्लीज, नुसता आवाज जुळला म्हणून नातं जोडू नका. बदनाममधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड', उच्चार जवळचा, अर्थ तोच, तरी दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मी स्वतः हे कितीतरी वर्षं लोकांना ठोकून सांगत होतो की एकच शब्द आहे म्हणून.