सायटिका: कळ खाली उतरतेय की वर चढतेय, ते आधी बघा

कंबर धरली की घरातला प्रत्येक जण वैद्य होतो. माझ्या वेळी शेजारच्या आजींनी पायाळू माणूस शोधायला घेतला होता. पायाकडून जन्मलेल्यानं कमरेला पाय लावला की उसण पळते म्हणतात. आत्यानं निर्गुडीचा पाला पाठवला. ऑफिसातल्या एकानं ‘माझ्या मेव्हण्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तो वाकतच नाही’ असा धीर दिला. मी केलं होतं इतकंच, की पाण्याचा २० लिटरचा जार जमिनीवरून उचलून तसाच कमरेतून वळत डिस्पेन्सरवर उपडा केला. त्या वेळी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना बेसिनवर वाकलो आणि डाव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत करंट बसावा तशी कळ गेली.

नुसती उसण भरली तर दुखणं कमरेतच राहतं आणि आठ-दहा दिवसांत बहुतेक वेळा निघून जातं. सायटिकात ते पायात उतरतं. कमरेच्या खालच्या मणक्यांतून निघणाऱ्या मुळांची मिळून एक नस बनते, शरीरातली सगळ्यांत जाड, जवळजवळ बोटाएवढी. कुल्ल्यातून मांडीच्या मागून ती खाली जाते. मुळाशी दाबली गेली तरी दुखतं तिच्या वाटेवर. आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात, गृध्र म्हणजे गिधाड, आणि चरकसंहितेत तिचा क्रमही दिलाय: कुल्ला, कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल. हा क्रम लक्षात असू द्या, पुढे तोच कामी येणार आहे.

‘गादी सरकली’ असं सगळे म्हणतात, पण दोन मणक्यांमधली ही गादी (डिस्क) सरकत नाही. पुरणपोळी लाटताना कडेनं पुरण फुटतं, तसा गादीच्या आतला मऊ भाग कडेनं बाहेर येतो. तो नसेवर दाब देतो आणि त्याच्यातल्या रसायनांनी नस सुजते. बाहेर आलेला हा भाग शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. मोठा तुकडा बाहेर पडला असेल तर उलट तो जास्त चांगला शोषला जातो. बऱ्याच जणांचं पायातलं दुखणं ६ ते १२ आठवड्यांत कमी होतं ते यामुळे. आपल्याला हे आठवडे नीट काढायचे आहेत.

सगळ्यांत आधी ही तपासणी

सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर झालाय का? लघवी अडतेय, किंवा झालेली कळत नाहीये? शौचावरचा ताबा सुटलाय? दोन्ही पायांतली ताकद एकदम गेलीये? यातलं एकही असेल तर हा लेख इथेच सोडा आणि मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात जा. रात्रीचे दोन वाजले असले तरी आत्ताच. मणक्याच्या शेवटी असलेला नसांचा झुपकाच दाबला गेलेला असू शकतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

संध्याकाळी बारीक ताप येतोय, वजन उतरलंय, रात्री कूस न बदलताही ठणकतंय, तर मणक्याचा टीबी आहे का हे बघावं लागतं. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही आणि औषधांनी बरा होतो, फक्त वेळेत सापडायला हवा. पूर्वी कॅन्सर होऊन गेलेल्यांनी, आणि बाथरूममध्ये घसरून बसलेल्या साठीपुढच्या बायकांनीही व्यायाम करायच्या आधी डॉक्टरांना दाखवावं. हाडं ठिसूळ असली तर साध्या आपटण्यानंही मणका दबतो.

मग भिंतीला हात लावून १० पावलं टाचांवर चाला, १० पावलं चवड्यांवर. एका पायाचा चवडा टाचेवर उचलून धरताच येत नसेल, चालताना पायातली स्लिपर निसटत असेल, किंवा त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर नसेची ताकद कमी होतेय. एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठा. नुसत्या कळीपेक्षा या गोष्टीला जास्त महत्त्व द्या. लोक नेमकं उलटं करतात.

वहीत माणूस काढा

माझ्या फिजिओथेरपिस्टबाईंनी पहिल्या दिवशी व्यायाम दिलाच नाही. वहीच्या पानावर पाठमोऱ्या माणसाची आकृती काढायला लावली आणि म्हणाल्या, ‘रोज रात्री झोपायच्या आधी कळ कुठपर्यंत जाते तिथे रेघ मारा. किती दुखतं ते नंतर बघू. कुठपर्यंत जातं ते सांगा.’

मला ते पोरकट वाटलं होतं. पण सगळं त्या रेघेवरच चालतं. कळ पावलातून पोटरीत, पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात अशी वर सरकत असेल तर तुम्ही करताय ते बरोबर आहे, मग कंबर आधीपेक्षा जास्त दुखली तरी चालेल. कळ खाली उतरत असेल तर तुम्ही करताय ते थांबवा, मग ते कितीही नामांकित आसन असो. चरकातला क्रम उलटा चालवायचाय, एवढंच. रेघेसोबत मुंग्या कुठे येतात तेही लिहा. अंगठ्याकडे आणि पावलाच्या वरच्या बाजूला येत असतील तर एक मूळ, करंगळीकडे आणि तळव्याच्या बाहेरच्या कडेला येत असतील तर त्याखालचं; डॉक्टरांना ही माहिती लागते.

पहिले दोन-तीन दिवस

झोपून राहा, पण दोन दिवसांच्या वर नको. आठवडाभर गादीला खिळून राहिलं की स्नायू ढिले पडतात आणि दुखणं लांबतं. दर तासाला उठायचं, घरातल्या घरात पाच मिनिटं फिरायचं. सगळ्यांत कमी दुखणारी स्थिती बहुतेकांची ठरलेली असते: जमिनीवर सतरंजी टाकून उताणं झोपायचं आणि दोन्ही पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवायच्या. रात्री कुशीवर झोपत असाल तर गुडघ्यांमध्ये उशी, उताणं झोपत असाल तर गुडघ्यांखाली.

उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि हातानं रेटा देत बसते व्हा. हे एक शिकलात तरी सकाळची निम्मी बोंब कमी होते.

शेक १५-२० मिनिटं. पिशवी, मिठाची पुरचुंडी, निर्गुडीचा पाला, जे घरात असेल ते. स्नायूंचा आखडलेपणा सुटतो, नसेवरचा दाब शेकानं हलत नाही. मधुमेह असेल किंवा पाय बधिर असेल तर पायावर शेक देऊच नका, भाजलेलं कळत नाही. तेल हलक्या हातानं लावा. पाठीवर कुणी उभं राहून ‘तुडवून’ देतो म्हणालं तर चहा पाजून वाटेला लावा, आणि मणका ‘बसवणाऱ्या’लाही.

गोळ्यांचं थोडक्यात: औषधाच्या दुकानातून आपल्याच मनानं डायक्लोफेनॅक घेऊन महिनाभर चालवू नये. रक्तदाब, मूत्रपिंड, हृदय, दमा किंवा अल्सरचा त्रास असेल तर एकसुद्धा विचारल्याशिवाय नको.

आता पालथं झोपून बघा

१९५६ सालची गोष्ट आहे, न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनची. रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टनं एका रुग्णाला आतल्या पलंगावर पालथं झोपायला सांगितलं आणि तो दुसऱ्या कामात अडकला. आधीच्या रुग्णासाठी पलंगाची डोक्याकडची बाजू वर उचलून ठेवलेली होती. हा बिचारा तसाच कमान होऊन पडून राहिला. मॅकेन्झी धावत परत आला तर रुग्ण म्हणाला, पाय कित्येक दिवसांत इतका बरा वाटला नव्हता! त्या चुकीतून आज जगभर वापरली जाणारी पद्धत निघाली.

घरी ती अशी करायची. चटईवर पालथे झोपा, मान एका बाजूला, हात शरीरालगत. दोन-तीन मिनिटं नुसतं पडून राहा. पायात काय होतंय ते बघा. वाढलं नसेल तर कोपरांवर या, पोट आणि मांड्या जमिनीलाच. पुन्हा दोन-तीन मिनिटं. तेही सोसलं तर तळहात खांद्यांजवळ टेकवून छाती वर उचला, ओटीपोट सैल, कुल्ले सैल, ताकद फक्त हातांची. भुजंगासनासारखंच दिसतं, पण वर धरून ठेवायचं नाही. उचलायचं आणि सोडायचं, १० वेळा. दिवसातून चार-पाचदा.

माझ्या बाबतीत पहिल्या पाच-सहा वेळा कंबर चांगलीच चावली. पोटरीतली कळ मात्र गुडघ्याच्या वर आली होती. वही नसती तर मी ‘कंबर वाढली’ म्हणून सोडून दिलं असतं.

गरोदर बायकांनी हे करू नये. आणि एक मोठा गट असा आहे ज्यांना याचा उलट त्रास होतो: साठीच्या पुढचे, उभं राहिलं किंवा थोडं चाललं की पाय भरून येणारे, आणि कट्ट्यावर टेकलं किंवा पुढे वाकलं की लगेच बरं वाटणारे. त्यांच्या मणक्यातली नळीच अरुंद झालेली असते, मागे वाकलं की ती आणखी आवळते. त्यांनी उताणं झोपून गुडघे छातीशी घ्यावेत, पवनमुक्तासनासारखे, आणि चालण्याऐवजी सायकल चालवावी. सोसायटीच्या ग्रुपवर आलेला व्यायाम सगळ्यांना चालत नाही तो यामुळेच.

कळ मांडीच्या वर आली की नस मोकळी करण्याचा व्यायाम घ्या. खुर्चीवर बसा. दुखऱ्या पायाचा गुडघा सरळ करताना मान वर, छताकडे. गुडघा वाकवताना मान खाली. झोक्यासारखं सावकाश, १० वेळा. मुंग्या सुरू व्हायच्या आधी थांबायचं. तो पाय भिंतीला लावून ताणत बसणारे मी पाहिलेत. सुजलेल्या नसेला ताण सोसत नाही. त्यानंतर सेतुबंधासन (उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणं), आणि रांगत्या स्थितीत उजवा हात-डावा पाय उचलणं. रोजचं चालणं १० मिनिटांपासून, हळूहळू वाढवत अर्ध्या तासापर्यंत.

घर आपल्याच विरुद्ध असतं

रात्रभर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची एक-दीड सेंटिमीटर जास्त असते ती त्यामुळेच, आणि फुगलेल्या गादीला वाकणं सगळ्यांत कमी सोसतं. आपल्याकडे मात्र सकाळचा पहिला तास म्हणजे नुसतं वाकणं: बेसिन, भारतीय पद्धतीचं शौचालय, खाली ठेवलेली बादली, अंथरुणाच्या घड्या, केर. तेवढा एक तास सांभाळा. दात घासताना एक हात बेसिनवर टेकवा. बादली स्टुलावर ठेवा. कमोड नसेल तर मधून भोक असलेली खुर्ची मिळते, महिनाभर वापरायला लाज कसली? केर लांब दांड्याच्या झाडूनं, आणि खरं तर तेवढे दिवस घरातल्या दुसऱ्या कुणी काढला तर काही बिघडत नाही. बायकांचं दुखणं लांबतं त्यात याचा वाटा मोठा असतो, आणि तो भाग औषधांच्या चिठ्ठीवर लिहून मिळत नाही.

जमिनीवर मांडी घालून जेवण काही आठवडे बंद. खुर्चीत बसलात तर कमरेमागे टॉवेलची गुंडाळी आणि अर्ध्या तासानं उठणं. पुरुषांनी मागच्या खिशातलं पाकीट काढावं. त्यावर तासन्‌तास बसून कुल्ल्यातच नस दाबली जाते. एसटीनं जावंच लागलं तर मधली सीट बघा, मागच्या चाकावरची नको. कमरेचा पट्टा प्रवासापुरता.

एमआरआय कधी

ताकद जात नसेल आणि सुरुवातीचे धोक्याचे प्रकार नसतील तर पहिले सहा आठवडे एमआरआयची घाई नको. अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन एकत्र तपासले गेले होते, २०१५ साली ते प्रसिद्ध झालं: विशीतल्या ३० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या आणि ऐंशीतल्या ८४ टक्के. रिपोर्टमधला ‘डिस्क बल्ज’ वाचून माणूस वाकायलाच घाबरतो आणि मग ती भीतीच दुखायला लागते.

सहा-आठ आठवड्यांनंतरही रेघ वर सरकत नसेल आणि झोप लागत नसेल तर ऑपरेशनबद्दल बोलायला हरकत नाही. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन झालेल्यांची पायातली कळ लवकर थांबली, पण वर्षाच्या शेवटी थांबून बघणारेही जवळपास तिथेच पोचले होते. म्हणजे लवकर सुटका हवी की चाकू टाळायचा, हे बऱ्याच वेळा रुग्णानंच ठरवायचं असतं. ताकद जात असेल तेव्हा मात्र ही निवड उरत नाही.

पुन्हा उचलताना

माझी रेघ कुल्ल्यात यायला पाच आठवडे लागले, पुसली जायला आणखी चार. त्यानंतर पहिला प्रश्न सिलिंडरचा होता. भरलेला घरगुती सिलिंडर म्हणजे १४.२ किलो गॅस आणि वर लोखंड, मिळून साधारण ३० किलो. तो उचलायचाच नाही. कडेवर तिरका करून गोल फिरवत न्यायचा. जे उचलावंच लागतं ते पोटाशी घ्यायचं, गुडघ्यात बसून, आणि वळायचं असेल तर कमरेतून नाही, पावलं टाकून. पाण्याचा जार आता जमिनीवरच असतो, त्याच्या तोंडावर दाबायचा पंप बसवलाय. डिस्पेन्सर माळ्यावर टाकला. तो वर चढवायला मात्र शेजारच्या मुलाला बोलावलं होतं.