पानगळीच्या पानांची कला: लहान मुलांसोबत करताना या चुका टाळा

पान चिकटत नाही, ठसा उमटत नाही, चार दिवसांत सगळं काळं पडतं, आणि मग "मुलं अजून लहान आहेत" असं म्हणून साहित्य आवरलं जातं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांचे हात या कामाला पुरेसे असतात. बहुतेक वेळा बिघडलेलं असतं ते पान. पानात ओलावा किती आहे हे न बघता कृती निवडली, की पुढचं सगळं फसतं.

कुठलंही पान कुठल्याही कृतीला घेणं

गोळा केलेल्या पानांचे आधी तीन ढीग करा. नुकतंच गळलेलं, अजून लवचिक असलेलं पान ठसे, खडूकाम आणि पिठातली नक्षी यांसाठी ठेवा. दाबून वाळवलेलं सपाट पान चिकटकामाला लागतं. कुरकुरीत झालेलं पान हाताने चुरून, गोंद लावलेल्या कागदावर भुरभुरायला उत्तम. मुलांना हा चुरा करणंच सगळ्यात जास्त आवडतं, त्यामुळे तो ढीग मोठा ठेवा. कुठलं पान कुठे जाईल ते ओळखायला पान बोटाभोवती हलकेच गुंडाळा. वळलं तर लवचिक, कडकन मोडलं तर चुऱ्याचं. हे वर्गीकरण मुलांनाच करू द्या, तोही खेळच आहे.

ओलं पान थेट चिकटवणं

सगळ्यात जास्त कामं इथे वाया जातात. लवचिक पान कागदावर चिकटवलं की ते तिथेच वाळू लागतं. वाळताना आकसतं, कडा वर वळतात आणि पान सुटून येतं. प्लास्टिकखाली बंद केलं असेल तर ओलावा आत अडकून बुरशी धरते.

म्हणून पानं आधी दाबून वाळवा. पान कोरड्या फडक्याने पुसा, रद्दीच्या चार-पाच पानांच्या थरावर एकमेकांना न लागता मांडा, वर तेवढाच थर घाला आणि चार-पाच किलो वजनाची पुस्तकं ठेवा. पहिला कागद चोवीस तासांनी बदला, कारण बराचसा ओलावा पहिल्याच दिवशी निघतो. नंतर एक दिवसाआड बदलत राहा. पातळ पानं पाच ते सात दिवसांत होतात, जाड पानांना दोन आठवडेही लागतात. गुळगुळीत मासिकांचा कागद वापरू नका. तो पाणी शोषत नाही आणि पानावर काळे डाग पडतात. पान झालं का हे पाहायला देठ धरून आडवं उचला. टोक खाली झुकलं तर अजून ओलं आहे, ताठ राहिलं तर तयार.

घाई असेल तर मोठ्यांनी दोन साध्या कागदांमध्ये पान ठेवून मध्यम गरम, वाफ बंद केलेल्या इस्त्रीने दहा-पंधरा सेकंद दाबावं, थंड होऊ द्यावं, गरज पडली तर पुन्हा. मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नका, कोरडं पान त्यात पेट घेऊ शकतं.

रंग कायम राहील असं मुलांना सांगू नका. पानातलं हिरवं हरितद्रव्य पानगळीत विघटित होतं, तेव्हा आधीपासून आत असलेला पिवळा-केशरी रंग दिसू लागतो. लाल रंग मात्र अनेक झाडांत त्याच काळात तयार होतो आणि उजेडात तो फिका पडत जातो. तयार चित्र थेट उन्हाच्या खिडकीत लावलं तर लाल पान लवकरच तपकिरी दिसतं. सावलीची भिंत निवडा.

खडू घासला, पण शिरा दिसत नाहीत

कारणं चार असतात आणि बहुधा एकापेक्षा जास्त एकत्र येतात. पान उलटं ठेवलेलं असतं: शिरा पाठीमागच्या बाजूला उठून असतात, म्हणून ती बाजू वर हवी. कागद जाड असतो: ड्रॉईंग पेपर इथे चालत नाही, छपाईचा साधा पातळ कागद घ्या. खडू टोकाने चालवला जातो: मेणाच्या खडूवरचं वेष्टन काढा, तो आडवा धरा आणि लांबीने फिरवा. चौथं कारण म्हणजे पान सरकतं आणि दुहेरी आकृती उमटते. पानाच्या देठाला टेपचा तुकडा लावून ते टेबलाला चिकटवा, कागदाचे चारही कोपरेही टेपने पक्के करा. मूल दोन्ही हातांनी खडू धरत असेल तर धरू द्या. कागद धरायची जबाबदारी टेपची आहे.

कुरकुरीत पान इथे घेऊ नका, पहिल्याच जोराच्या घासणीत ते कागदाखाली मोडतं.

ठसा म्हणजे नुसता रंगाचा डाग

मुलं रंग भरपूर लावतात आणि तो शिरांमधल्या खाचांमध्ये साचतो. मग ठशात फक्त पानाची बाह्यरेषा येते, कधी तीही नाही. ब्रश बाजूला ठेवा. पसरट ताटलीत एक चमचा घट्ट पोस्टर रंग पसरा, त्यात स्पंजचा तुकडा टेकवायचा आणि शिरांच्या बाजूवर थोपटायचा. पानाचा रंग खालून किंचित दिसत राहिला म्हणजे थर बरोबर आहे. पान रंगाची बाजू खाली करून कागदावर ठेवा, त्यावर रद्दीचा तुकडा, आणि सपाट तळव्याने दाबा. बोटांनी चोळलं की पान सरकतं. उचलताना देठाकडून उचला.

पहिला ठसा घट्ट आला तर रंग न लावता त्याच पानाचा दुसरा घ्या, तोच बहुधा जास्त रेखीव येतो. रंग पानावर थेंब-थेंब होऊन गोळा होत असेल तर पानावर मेणचट थर आहे. ओल्या साबणाच्या फडक्याने पान पुसून वाळवा, किंवा दोन चमचे रंगात भांड्यांच्या द्रव साबणाचा एक थेंब मिसळा. एवढ्याने रंग सारखा पसरतो.

गोंद

बाटली मुलाच्या हातात दिली की कागदावर तळं होतं, कागद फुगतो आणि वाळल्यावर वाकतो. झाकणात थोडा पांढरा गोंद आणि कापसाची काडी द्या. गोंद पानाला लावायचा नाही, कागदाला लावायचा. वाळलेलं पान काडीच्या दाबानेही तडकतं. खाली कार्डशीट घ्या, साधा कागद पानाचं वजन पेलत नाही. ग्लू स्टिक कागदाला कागद जोडते, पण मधली शीर जाड असलेलं पान तिने टिकत नाही. शीर फारच उचललेली असेल तर देठ कापून टाका. शेवटी चित्रावर बटर पेपर ठेवून तासभर पुस्तकाखाली दाबा.

पारदर्शक चिकट कागदाच्या दोन थरांमध्ये पानं बंद करायची असतील तर खालचा थर चिकट बाजू वर करून टेबलाला टेपने बांधा आणि चारही बाजूंना एक सेंटीमीटर जागा मोकळी ठेवा, नाहीतर थर उघडतात.

मिठाच्या पिठातल्या नक्षीला तडे जाणं

दोन कप मैदा, एक कप बारीक मीठ आणि पाऊण ते एक कप पाणी. पाणी एकदम ओतू नका. पीठ हाताला चिकटायचं थांबलं की पुरे. पोळी साधारण सात-आठ मिलिमीटर जाडीची लाटा, शिरांची बाजू खाली करून पान ठेवा आणि लाटणं एकदाच फिरवा. दुसऱ्यांदा फिरवलं तर नक्षी दुहेरी होते. जाड पोळी बाहेरून आधी वाळते, आतून ओली राहते, म्हणून तडकते. ओव्हन जास्त तापवला तर ती फुगते. शंभर अंशांवर दोन-तीन तास ठेवा आणि अर्ध्या वेळी उलटा. हे पीठ खूप खारट असतं, मुलांनी किंवा घरातल्या कुत्र्याने ते खाऊ नये यावर लक्ष हवं.

ओळख नसलेली पानं उचलणं

कण्हेर, एरंड, रुई यांची पानं आणि तोडल्यावर पांढरा चीक येणारं कुठलंही पान पिशवीत नको. गाजर गवतामुळे अंगाला खाज आणि पुरळ येऊ शकतं. ओल्या, कुजक्या ढिगातली पानं घेऊ नका. त्यांवर बुरशी असते आणि दमा असलेल्या मुलांना त्रास होतो. औषध फवारलेल्या बागेतली पानंही टाळा. पानं आणल्यावर झटकून घ्या, आत किडे असतात. काम झालं की हात साबणाने धुवायचेच. सजावटीला बिया, मणी, चिकटवायचे डोळे देणार असाल तर टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू पडते ती तीन वर्षांखालच्या मुलाला देऊ नका, ती घशात अडकू शकते.

मोठ्यांनी चित्र पूर्ण करणं

ही चूक आम्हाला सगळ्यात जास्त खटकते. घुबडाचं तयार चित्र समोर ठेवायचं, पंखांच्या जागी पान लाव म्हणायचं, आणि पान तिरकं लागलं की काढून सरळ करायचं. मुलाच्या हातात मग काहीच उरत नाही, आणि पुढच्या वेळी ते स्वतः पान उचलण्याआधी तुमच्याकडे बघतं. चार-पाच आकारांची पानं, एक कार्डशीट आणि गोंद एवढंच द्या. चौकशी करायची तर "हे काय आहे?" ऐवजी "हे पान इथे का ठेवलंस?" असं विचारा, उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

एका वेळी तीनच टप्पे ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटांत थांबता येईल असं काम निवडा. वाट बघायला लागली की मुलं पानं चुरायला लागतात, म्हणून सहापेक्षा जास्त मुलं असतील तर गोंदाची झाकणं आणि स्पंज दुप्पट लागतील. अंगात जुना शर्ट उलटा घाला, बटणं पाठीवर. उरलेली कोरी पानं खताच्या खड्ड्यात जाऊ शकतात. रंग, टेप किंवा प्लास्टिक लागलेली मात्र वेगळ्या कचऱ्यात टाका.