जुव्यावरची कुर्ली राखायची तर तरीपाशी उभं राहा

कुर्ल्या, म्हणजे खाडीतले खेकडे, कमी मिळायला लागल्या की गावच्या सभेत पहिलं बोलणं निघतं ते तिवरांत पहारा ठेवायचं. त्या भानगडीत पडू नका. कालावल खाडीत रात्री कुणाची होडी कुठल्या फाट्यात शिरली, हे बघायला जागणार कोण? आम्हा जुव्यावाल्यांना, म्हणजे खाडीतल्या बेटावर राहणाऱ्यांना, एक सोय आहे, ती किनाऱ्यावरच्या गावांना नाही. कुर्ली कुठेही धरा, विकायला तरीवरूनच, म्हणजे होडीच्या धक्क्यावरूनच, न्यावी लागते. म्हणून नियम तिथे, वजनकाट्याशी धरायचा. बारकी कुर्ली काट्यावर खपली नाही, की तिच्यासाठी गुडघाभर चिखलात कुणी उतरत नाही.

व्यापाऱ्याला आधी सांगा, आणि सगळ्या घरांनी मिळून सांगा. एकट्याने सांगितलं तर तो शेजारच्या पडवीत जाऊन बसेल.

मग माप. वजनावर जाऊ नका, कात टाकलेली मोठी कुर्लीसुद्धा पोकळ आणि हलकी लागते. पाठीची रुंदी मोजा, दोन्ही टोकांच्या काट्यांसकट. इथे घोळ होतो, कारण खाडीत जाती दोन आहेत. डेंग्याच्या (नांगीच्या) मनगटावर बाहेरच्या अंगाला दोन टोकदार काटे असतील आणि पायांवर जाळीदार नक्षी असेल, तर ती मोठी हिरवट जात. काटा एकच, तोही बोथट, आणि रंग तांबूस-तपकिरी असेल तर बारकी जात. ती आकाराने लहान असतानाच वयात येते. दोघींना एकच माप लावलंत तर एकीवर अन्याय. फळीला दोन खाचा पाडा : मोठीला 12 सेंटिमीटर, बारकीला 9. खाचेत मावली की परत पाण्यात.

मादीच्या पोटावरची झडप बघा. रुंद, गोल आणि काळपट झाली असेल तर ती जाणती. निमुळती असेल तर अजून पोर आहे, माप भरलं तरी सोडा. नराने पोटाखाली धरलेली मादी मिळाली तर दोघांनाही सोडा. ती कात टाकायच्या बेतात असते आणि मीलन त्यानंतरच होतं.

लाखेच्या, म्हणजे पोटात अंडी भरलेल्या, कुर्लीचं काय? सगळ्या सोडा म्हणणारा सभेत टाळ्या घेतो, पण सगळ्यात चढा भाव तिलाच आहे, त्यामुळे तो नियम चार दिवस टिकत नाही. त्यापेक्षा खाडीचं तोंड मोकळं ठेवा. अंडी सोडायला मादी समुद्रात जाते आणि तिची अंडी लाखांनी असतात. तोंडाशी आडवी जाळी लागली नाहीत तर पुष्कळ माद्या निसटतात. एवढं आमच्याकडे पाळलं जातं.

खाडीचा एक फाटा आळीपाळीने बंद ठेवा. लोक कुरकुरतील. त्यांना म्हणावं, आचऱ्याच्या गावपळणीला अख्खा गाव तीन दिवस घरं सोडून बाहेर राहतो, तुम्हाला एक फाटा सोडवत नाही?

बिळात आकडा घालताना कांदळाची मुळं तोडू नका. बीळ फोडलं तर तिथे दुसरी कुर्ली यायची नाही, आणि पाय मोडलेल्या कुर्लीला भावही पडतो.

पोकळ कुर्ल्या मातीमोल विकू नका. वेगवेगळ्या कप्प्यांच्या पिंजऱ्यात ठेवून बारकी मासळी घाला, तीन-चार आठवड्यांत भरतात. एकत्र ठेवल्यात तर एकमेकींना खातात.

वजनकाट्याशी एक वही टांगा : फाटा, नर की मादी, रुंदी. तारखेऐवजी तिथी लिहा. उधाण-भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती, तिथीवर चालतं, आणि कुठल्या पाण्याला कुठे काय मिळालं हे पुढच्या वर्षी ताडता येतं. वही घरी नेऊ नका, घरी नेलेली वही कुणी भरत नाही.