सार्वजनिक ठिकाणी असलेलं तुमचं जुनं काम नजरेला खुपत असेल तर काय करावं

कलाशाळेत असताना सोसायटीच्या जिन्यात रंगवलेलं भित्तिचित्र, शाळेच्या आवारातला फायबरचा पुतळा, स्टेशनबाहेरच्या भिंतीवरचं पॅनल. पंधरा-वीस वर्षं उलटतात, हात बदलतो, नजर बदलते, पण ते काम तिथेच असतं आणि खाली ठळक सहीही असते. मुंबईत हे बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं, कारण इथे शिकणाऱ्या हातांनाही भिंती मिळतात. 2009 मध्ये तुळशी पाइप रोडची भिंत नागरिकांना रंगवायला मिळाली, तेव्हा ब्रश घेऊन उभे राहिलेल्यांत नवखेही होते. अशा कामापुढून मान खाली घालून जावंसं वाटणं साहजिक आहे. पण त्या भरात रात्री जाऊन स्वतःच रंग फासू नका. भिंत तुमची नाही. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध 1995 चा कायदा आहे आणि चित्र तुम्हीच काढलेलं असलं तरी परवानगीशिवाय भिंतीला हात लावला की तुम्ही अडचणीत येता.

आधी काम पुन्हा नीट बघून या. आठवणीतलं चित्र प्रत्यक्षातल्यापेक्षा बहुधा वाईट असतं. सकाळी, भिंतीवर थेट ऊन नसताना जा. बरोबर मोजपट्टी, टॉर्च, कापसाच्या काड्या, पाण्याची बाटली आणि वही ठेवा. समोरून एक पूर्ण फोटो आणि मोजपट्टी शेजारी धरून तपशिलाचे फोटो काढा. मग टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून प्रकाश आडवा सोडा. सुटलेले पोपडे, फुगे, भेगा, नंतर कुणीतरी मारलेले रंगाचे हात, सगळं उठून दिसेल.

वहीत दोन रकाने करा: एकात तुमच्या हाताच्या चुका, दुसऱ्यात भिंतीने आणि काळाने केलेलं नुकसान. याच टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण पुढचं सगळं यावर ठरतं.

हाताच्या चुका ओळखीच्या असतात. माणसाच्या पंजाची लांबी साधारण हनुवटीपासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत असते. नवशिक्याच्या चित्रात पंजे हमखास लहान पडतात. परांचीवर उभं राहून, मागे न सरता रंगवलं की वरचं डोकं आणि खालचे पाय एकमेकांना जुळत नाहीत. सावलीसाठी त्वचेच्या रंगात सरळ काळा मिसळला की चेहरा मळकट होतो.

आता दुसरा रकाना. चेहरा निळसर-राखाडी दिसतोय म्हणून तुम्ही स्वतःला दोष देत असाल, तर थांबा. स्वस्त रंगांतले बरेच लाल आणि पिवळे उन्हात उडतात. थॅलो निळा आणि हिरवा टिकतात, गेरूसारखे लोहाचे रंगही टिकतात. त्वचेतला लाल उडाला की मागे निळाच उरतो. तुम्ही लावलेला रंग तो नव्हताच. तसंच लोणा. विटांतले आणि प्लास्टरमधले क्षार ओलीबरोबर पृष्ठभागावर येतात, पाणी सुकतं, क्षार फुलतात आणि रंग आतून ढकलतात. एसीच्या नळीचं पाणी, वरच्या मजल्यावरचं गळकं बाथरूम, चित्रावरून नेलेल्या केबल, वॉचमनच्या खुर्चीने घासलेला पट्टा, हेही याच रकान्यात लिहा. रकाने भरून झाले की खुपणाऱ्या गोष्टींतला मोठा वाटा बहुतेक वेळा दुरुस्त होण्याजोगा निघतो.

मग मालकी शोधा. सोसायटी असेल तर व्यवस्थापक समिती. शाळा असेल तर मुख्याध्यापकांच्या वरची संस्था. रस्त्याकडेची भिंत पालिकेची असेल तर त्या भागाचं वॉर्ड ऑफिस. स्टेशनची भिंत असेल तर आधी स्टेशन मास्तर आणि मग विभागीय कार्यालय. इमारत वारसा यादीत असेल तर साध्या दुरुस्तीआधीसुद्धा वारसा समितीची परवानगी लागते का, ते विचारा. सरकारी भिंतीबद्दल कुणी दाद देत नसेल तर माहिती अधिकाराखाली 10 रुपये शुल्क भरून अर्ज करा; 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात मोघम काही न विचारता कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) आणि कराराची प्रत मागा.

कायद्यात तुमच्या बाजूने काय आहे आणि काय नाही, हे बोलणी करण्याआधी माहीत हवं. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र केलं आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार चित्राचा कॉपीराइट करवून घेणाऱ्याकडे जातो. हा पोटनियम शिल्पाचा उल्लेख करत नाही, त्यामुळे शिल्पकाराची बाजू थोडी वेगळी असते. नोकरीत असताना किंवा सरकारसाठी केलेल्या कामाचे नियम आणखी वेगळे. कॉपीराइट गेला तरी कलम 57 मधले विशेष अधिकार तुमच्याकडेच राहतात: आपलं नाव सांगण्याचा आणि तुमच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड किंवा फेरफार रोखण्याचा. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प 1979 मध्ये उखडलं गेलं. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले भाग त्यांना परत करायला आणि 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं, ते याच कलमाच्या आधारे. म्हणून सोसायटीने कंत्राटी पेंटरकडून तुमच्या चित्रातले चेहरे पुन्हा रंगवून घेतले आणि खाली तुमची सही तशीच ठेवली, तर तुम्ही ठामपणे आक्षेप घेऊ शकता. पण काम जसंच्या तसं आहे, फक्त तुम्हाला आता आवडत नाही, एवढ्या कारणावरून ते उतरवायला लावण्याचा हक्क आपल्याकडे नाही. फ्रान्सच्या कायद्यात भरपाई देऊन काम मागे घेण्याची तरतूद आहे. आपल्याला मात्र विनंतीचाच मार्ग आहे.

त्या विनंतीत 'मला लाज वाटते' असं लिहू नका. ज्यांनी वर्गणी काढून ते करवून घेतलं, ज्यांची मुलं त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढत मोठी झाली, त्यांना ते लागतं आणि मग तुमचा अर्ज बाजूला पडतो. पत्र एवढंच पुरे:

'स. न. आपल्या इमारतीच्या जिन्यातील भित्तिचित्र मी विद्यार्थी असताना रंगवलं आहे. ओलीमुळे त्याचे पोपडे निघत आहेत. चित्राची स्वच्छता करण्याची आणि शेजारी नाव व साल असलेली पाटी लावण्याची परवानगी मिळावी. पाटीचा खर्च मी करीन. मूळ चित्रात बदल करणार नाही. सोबत चार फोटो जोडले आहेत. विषय समितीच्या पुढच्या सभेत घ्यावा, ही विनंती.'

परवानगी तोंडी घेऊ नका. ठरावाची प्रत मागून घ्या. समिती बदलली की तोंडी शब्दाला कुणी ओळखत नाही.

आमच्या मते सगळ्यात जास्त काम ती पाटीच करते. सालाशिवायची सही बघणाऱ्याला तुमचं आजचं काम वाटते. साल दिसलं की तो ते विशीतल्या, शिकणाऱ्या हाताचं काम म्हणून बघतो. पाटीवर नाव, शीर्षक, साल, माध्यम आणि 'विद्यार्थीदशेतील काम' एवढंच लिहा. स्पष्टीकरण नको, क्षमायाचना तर नकोच. 15 सेंमी बाय 10 सेंमीची, 3 मिमी जाड अ‍ॅक्रिलिकची किंवा कोरलेल्या स्टीलची पाटी चालते. मध्य जमिनीपासून साधारण 140 सेंमीवर ठेवा, चित्राच्या बाहेर, शेजारी. लोखंडी स्क्रू वापरले की मुंबईच्या खाऱ्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात तांबेरी ओघळ येतात. 304 ग्रेडचं स्टेनलेस घ्या. वरळी-माहीमसारख्या समुद्रालगतच्या भिंतीला 316. भोकं पाडताना स्क्रूची गिट्टी (प्लग) प्लास्टरमध्येच न अडकता विटेपर्यंत जायला हवी.

स्वच्छतेआधी चाचणी. चित्राच्या कोपऱ्यात दोन-तीन सेंटीमीटर जागेवर ओली कापसाची काडी फिरवा. कापसावर रंग आला, म्हणजे पोस्टर कलर किंवा डिस्टेंपर आहे. पाणी तिथेच बंद. फक्त मऊ, कोरडा ब्रश वापरा. रंग आला नाही तर पाण्यात सौम्य साबणाचे थेंब टाकून, पिळलेल्या स्पंजने खालून वर पुसत जा आणि साध्या पाण्याने पुन्हा पुसा. वरून सुरुवात केली की मळकट ओघळ कोरड्या भागावर उतरतात आणि डाग बसतात. शेवाळावर ब्लीच ओतायचा मोह होतो. ओतू नका, त्यातलं मीठ प्लास्टरमध्ये राहतं आणि पुढे लोणा बनून वर येतं. पोपडे सुटत असतील तर स्वतः डिंक-फेव्हिकॉल न लावता संवर्धकाला बोलवा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येते.

ओल आहे का, हे बघायला दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिक चित्राशेजारच्या कोऱ्या भिंतीवर चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि 16 तासांनी बघा. आतून दव धरलं असेल तर आधी गळती बंद करा. ओल्या भिंतीवर चकाकणारं व्हार्निश मारलं की आतलं पाणी कोंडतं आणि चित्र फोडांनी भरतं. नव्या प्लास्टरला 28 दिवस द्या. ही सगळी कामं दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उरका.

हात लहान पडलाय, तर तो आता मोठा करावा का? नको. आजच्या हाताने दुरुस्त केलेला एक पंजा बाकीच्या चित्राला आणखी कच्चं दाखवतो, आणि मग पुढचा, मग चेहरा, असं करत तुम्ही अख्खं चित्र नव्याने रंगवता. उडालेली जागा भरा, रेषा तशीच राहू द्या.

मालकालाच ते काढायचं असेल तर नव्या चित्राचा प्रस्ताव द्या: आराखडा, खर्च, दिवस, परांचीची व्यवस्था. मात्र झाकण्याआधी पूर्ण नोंद करा आणि शक्य असेल तर खरवडू नका, वर नुसता थर द्या. जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टर यांनी 1956 मध्ये ड्रेस्डेनच्या हायजीन म्युझियममध्ये पदवीसाठी केलेलं भित्तिचित्र 1979 मध्ये रंगाखाली गेलं. अलीकडे त्याचे काही भाग पुन्हा उघडे केले गेले. खरवडलं असतं तर उघडायला काही उरलं नसतं. रिश्टर यांच्या कामांची अधिकृत यादी मात्र 1962 पासून सुरू होते. एवढं तुम्हालाही करता येतं: वेबसाइटवर, पोर्टफोलिओत, प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात कुठल्या सालापासून सुरुवात करायची, ते तुमचं तुम्ही ठरवा आणि सगळीकडे तेच साल ठेवा.

एखाद्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला कुणीतरी भेटून 'तुमचं ते जिन्यातलं चित्र आम्हाला फार आवडतं' म्हणेल. त्या वेळी 'ते 2004 चं, तिसऱ्या वर्षातलं काम' एवढं सांगा आणि त्यांना त्यात काय आवडतं ते विचारा. उत्तर वहीत, तिसऱ्या रकान्यात लिहून ठेवा. नव्या प्रस्तावाच्या वेळी समितीला काय जपायचंय ते त्यातूनच कळतं.