जन्मनोंद नाही म्हणून मुलीचं नागरिकत्व अडलं होतं, ते असं सुटलं

भाचीचा जन्म परदेशात. तिथल्या कायद्यानं ती तिथली नागरिक नाही आणि आईवडिलांच्या देशाचा दूतावास जन्मदाखल्याशिवाय अर्जच घेईना. लसीकरण कार्ड, प्रतिज्ञापत्र, काहीच चाललं नाही. डोकं उठलं होतं.

चाललं ते याच क्रमानं: आधी रुग्णालयातून जन्माची लेखी नोंद. मग जन्म झाला त्याच ठिकाणच्या निबंधकाकडून (जन्ममृत्यूची नोंद ठेवणारा अधिकारी) ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला. तो जोडून उशिरा नोंदणीचा अर्ज. आईवडिलांची नावं पासपोर्टबरहुकूम, अक्षरन्‌अक्षर. (बहुतेक अर्ज इथेच परत येतात, असं माझं मत.) मिळालेल्या जन्मदाखल्याचं साक्षांकन (दाखला खरा असल्याचा अधिकृत शिक्का), मगच दूतावास. जन्मदाखला म्हणजे नागरिकत्व नव्हे, पण जन्म कुठे आणि कोणाच्या पोटी, याचा पुरावा तोच. पालकांचा व्हिसा संपलाय म्हणून कोणी नोंदणी नाकारली, तर संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क कराराचं सातवं कलम (जन्मताच नोंदणी हा प्रत्येक मुलाचा हक्क) लेखी दाखवा.