इंग्लिश वाक्य अडलं की आधी त्यामागचं मराठी वाक्य शोधा

इंग्लिशबद्दल लोक विचारतात ते बरेचसे प्रश्न तेच ते असतात, सिन्स की फॉर, अ की ॲन, असं म्हटलं तर चालेल का. उत्तरात मिळतो तो नियम, जो वाचताना अगदी पटतो आणि बोलताना आठवत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की नियमाकडे पळायच्या आधी ते वाक्य डोक्यात मराठीत कसं आलं होतं ते एकदा म्हणून बघा, बऱ्याचदा चूक तिथेच बसलेली सापडते.

"मी येत नाही तोपर्यंत थांब" हेच घ्या. मराठीत तो 'नाही' अगदी सहज येतो म्हणून आपण बिनधास्त लिहितो, वेट अंटिल आय डोन्ट कम. इंग्लिशला तो नको असतो, वेट अंटिल आय कम, बास. आणि गंमत म्हणजे अनलेसमध्ये 'नाही' आधीच भरलेला आहे, तिथेही आपण अजून एक घालतो. "पैसे भरले नाहीत तर" म्हणजे अनलेस यू पे, अनलेस यू डोन्ट पे नाही.

सिन्स-फॉरचं मूळही इथेच आहे. आपल्याकडे '२०१५पासून' आणि 'दहा वर्षांपासून' दोन्हीला एकच 'पासून', आणि क्रियापदही सरळ 'करतोय', मग आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स होणारच ना! एक युक्ती सांगतो, कॅलेंडरवर त्या सुरुवातीवर बोट ठेवता येतंय का बघा. येत असेल तर सिन्स, म्हणजे सिन्स २०१५, सिन्स मंडे. नुसती लांबी सांगायची असेल तर फॉर टेन इयर्स. आणि काम अजून चालू असेल तर दोन्हीकडे आय हॅव बीन वर्किंग, इथे 'करतोय'वर विसंबू नका.

तसंच 'दोन वर्षांपूर्वी'चं. आजपासून मागे मोजताय तर टू इयर्स अगो. बिफोर टू इयर्स असं 'पूर्वी'चं शब्दाला शब्द करू नका. दुसऱ्या एखाद्या घटनेपासून मागे मोजायचं असेल तेव्हा बिफोर येतो, जसं टू इयर्स बिफोर द वेडिंग.

'माझा एक मित्र'चं वन ऑफ माय फ्रेंड होतं, हे तर सगळीकडे दिसतं. मनात 'माझ्या मित्रांपैकी एक' म्हणा, म्हणजे फ्रेंड्स आपोआप येईल. क्रियापद मात्र त्या एकाचं, वन ऑफ माय फ्रेंड्स इज.

आता ज्याने खरंच घोळ होतो ते. "जेवला नाहीस का?" याला आपण "हो, नाही जेवलो" म्हणतो, म्हणजे तू म्हणतोयस ते बरोबर. इंग्लिशमध्ये येस-नो समोरच्याच्या बोलण्याला नसतं, प्रत्यक्ष काय झालं त्याला असतं. जेवला नसाल तर नो, आय हॅवन्ट. नुसतं येस म्हणालात तर समोरचा धरून चालेल की जेवण झालं. याहून वाईट म्हणजे डू यू माइंड इफ आय सिट हिअर, त्यात विचारलंय की तुमची हरकत आहे का, आणि आपण मोठ्या मनाने 'येस येस' म्हणतो, मग तो बिचारा उभाच. तिथे नो, नॉट ॲट ऑल म्हणायचं, किंवा गोंधळ नकोच असेल तर गो अहेड.

वाक्याच्या शेवटी आपला जो 'ना' असतो त्याचं सरसकट इजन्ट इट होतं. लिहिताना यू आर कमिंग, आरन्ट यू असं क्रियापदाला धरून उलटं करायचं, बोलताना घाई असेल तर राइट म्हणून मोकळे व्हा.

प्रिपोझिशनला, म्हणजे अबाउट, विथ, टू असल्या जोडशब्दांना, मात्र युक्ती नाही, पाठच करावं लागतं. 'विषयी चर्चा' म्हणून डिस्कस अबाउट होतं, पण डिस्कसला काहीच लागत नाही. 'च्याशी लग्न' म्हणून मॅरिड विथ नाही, मॅरिड टू. शब्द पाठ करताना शेपटासकट करा.

अ आणि ॲनला उलट मराठी कामाला येते! शब्द देवनागरीत लिहा. आवर (तास), ऑनेस्ट, एमबीए स्वराने सुरू होतात म्हणून ॲन, युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-वे व्यंजनाने म्हणून अ. फक्त वर्षाला आपण 'इयर' लिहितो तिथे फसाल, खरा उच्चार 'य'चा आहे म्हणून अ.

माहितीला आपण अनेकवचन करत नाही तसंच इन्फॉर्मेशनला एस नाही. पण 'सल्ले' होतात म्हणून ॲडव्हायसेस करू नका, आणि फर्निचर, इक्विपमेंटलाही नाही. शंका असेल तर लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्लिश शिकणाऱ्यांसाठीची, उघडा, साधी नको, त्यात नामापुढे सी किंवा यू असतं, यू म्हणजे मोजता न येणारं.

काही प्रश्नांना मात्र एक उत्तर नसतंच, त्यावर वाद घालत बसू नका. फ्रेंचला भाषेचे नियम ठरवणारी अकादमी १६३५पासून आहे, इंग्लिशला तसं कोणी मालक नाही. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको हा आक्षेप इंग्लिश कवी ड्रायडनने १६७२मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या लिखाणावर घेतला होता आणि लोक तो अजून उगाळतायत, हू आर यू टॉकिंग टू अगदी व्यवस्थित इंग्लिश आहे. कलरमधला यू अमेरिकेत गेला त्यात अमेरिकन कोशकार वेबस्टरच्या १८२८च्या डिक्शनरीचा मोठा हात. दोन्ही स्पेलिंग बरोबर, एका लेखात एकच ठेवा एवढंच.

राहिले वाक्प्रचार. अर्थ कळला म्हणजे वापरता आला असं नसतं. किक द बकेट म्हणजे मरणे, बरोबर, पण ते 'खपला'च्या जातीतलं आहे, सांत्वनाच्या मेलमध्ये लिहिलंत तर कल्पना करा. ब्रेक अ लेग स्टेजवर जाणाऱ्याला शुभेच्छा म्हणून म्हणतात, ऑपरेशनला निघालेल्याला नाही. डिक्शनरीत अर्थाशेजारी इन्फॉर्मल, ओल्ड-फॅशन्ड, ह्युमरस असे बारीक शिक्के असतात, अर्थाच्या आधी ते वाचा आणि शिक्का ओल्ड-फॅशन्ड असेल तर तो वाक्प्रचार ओळखण्यापुरता ठेवा, बोलण्यात काढू नका.